प्रादेशिक विमान कंपनी की चार्टर? सातारा-सांगलीकडच्या नव्या वैमानिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) हातात पडल्यावर कराड, फलटण, वाई, मिरज, तासगाव, विटा इकडची मुलं-मुली आणि त्यांचे आई-वडील जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. नियम बदलत असतात. त्यामुळे कुठेही सही करण्याआधी डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावरचा त्या विषयाचा ताजा नियम एकदा स्वतः वाचा.

१. प्रादेशिक कंपनी आणि चार्टर कंपनी यांत नेमका फरक काय?

प्रादेशिक कंपनी जाहीर वेळापत्रकानुसार उडते आणि एकेका आसनाचं तिकीट विकते. अलायन्स एअर, गोव्यातल्या मोपाहून चालणारी फ्लाय ९१, कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर ही यातली नावं. इंडिगो मोठी कंपनी असली तरी तिचा एटीआर या छोट्या टर्बोप्रॉप (पंख्याच्या) विमानांचा ताफा हेच काम करतो. विमानं मुख्यतः एटीआर ७२-६००. स्टार एअरकडे एम्ब्राएर १४५ आणि १७५ ही जेट आहेत.

चार्टर कंपनी अख्खं विमान भाड्यानं देते. तिच्याकडे नॉन-शेड्यूल्ड परवाना असतो, ज्याला सगळे एनएसओपी म्हणतात. किंग एअर, सायटेशन, हॉकर, लिअरजेट अशी विमानं इथे दिसतात. गिऱ्हाईक सांगेल तेव्हा, तो सांगेल तिथे जायचं. राजकीय सभा, उद्योगपतींच्या बैठका, लग्नं, देवदर्शन, एअर अॅम्ब्युलन्स हे नेहमीचं काम.

२. साखर कारखान्याच्या किंवा उद्योगसमूहाच्या स्वतःच्या विमानावर नोकरी मिळाली, तर ती चार्टरच ना?

नाही. खासगी वर्गात नोंदलेलं विमान मालकाच्या स्वतःच्या वापरासाठी असतं, ते भाड्यानं देता येत नाही. मालकानं ओळखीच्या माणसाकडून पैसे घेऊन फेरी करायला सांगितली, तर ते बेकायदा चार्टर ठरतं आणि त्यात वैमानिकाचा परवानाही अडकतो. विमान भाड्यानं फिरणार असेल तर ते कुठल्या एनएसओपीवर आहे, हे पहिल्याच भेटीत विचारा. परवानाधारकांची यादी डीजीसीए प्रसिद्ध करते. ती उघडून कंपनीचं नाव आणि विमानाचा नोंदणी क्रमांक दोन्ही ताडून बघा.

३. सीपीएल मिळालं. लगेच दोन्हीकडे अर्ज करता येतो का?

येतो, पण नुसत्या सीपीएलवर नाही. मल्टी-इंजिन रेटिंग (एकाहून जास्त इंजिनांच्या विमानाची पात्रता), चालू इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न दिसता उपकरणांवर उडण्याची पात्रता), चालू क्लास १ मेडिकल, एफआरटीओएल आणि आरटीआर (रेडिओ वापरण्याचे परवाने) आणि इंग्रजी प्रावीण्याची किमान पातळी ४ एवढं लागतं. ईजीसीए या डीजीसीएच्या ऑनलाइन प्रणालीवरचं लॉगबुक (उड्डाणाच्या तासांची नोंदवही) आणि कागदावरचं लॉगबुक यांची बेरीज मिनिटापर्यंत जुळली पाहिजे. निवडीत पुढे गेलेल्या उमेदवारांचं घोडं बऱ्याचदा इथेच अडतं, विशेषतः दोन वेगवेगळ्या फ्लाइंग स्कूलमध्ये तास पूर्ण केले असतील तर. जुन्या स्कूलचा सही-शिक्का मिळवायला महिने जातात, म्हणून स्कूल सोडतानाच पानं प्रमाणित करून घ्या.

दुसरी अडचण वाट पाहण्याची. इन्स्ट्रुमेंट रेटिंग १२ महिनेच चालतं. जाहिरात निघते तेव्हा ते संपलेलं असलं, की नूतनीकरणासाठी विमान किंवा सिम (सिम्युलेटर) शोधण्यात अर्जाची मुदत निघून जाते. संपायच्या दोन-तीन महिने आधी तारीख ठरवा आणि तो खर्च कर्जाच्या हिशेबात आधीच धरा.

४. वर्षाला कुठे किती तास मिळतात?

आमच्या मते निर्णय इथेच होतो. प्रादेशिक कंपनीत रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) नीट चाललं तर वर्षाला साधारण ७०० ते ८५० तास होतात. नियमानं वर्षाची कमाल मर्यादा १००० तास आहे. चार्टरमध्ये २०० ते ३५० तास हे सर्वसाधारण चित्र. निवडणुकीचं वर्ष असेल तर जास्त, विमान मोठ्या दुरुस्तीसाठी हँगरमध्ये गेलं तर दोन-तीन महिने जवळपास शून्य. पावसाळ्यातही मागणी उतरते.

आता हिशेब करा. सीपीएलच्या वेळच्या २०० तासांवरून १५०० वर (का, ते प्रश्न ५) जायला १३०० तास हवेत. वर्षाला ७५० मिळाले तर पावणेदोन वर्षं, २५० मिळाले तर सव्वापाच वर्षं. पहिला पगार दोन्हीकडे सारखा असला तरी कर्ज फेडायची ताकद तिसऱ्या-चौथ्या वर्षी कुठे वाढेल, हे या आकड्यावर ठरतं.

तासांचा पोतही वेगळा असतो. एटीआरचे सेक्टर (एकेक उड्डाण) पाऊण-एक तासाचे, दिवसाला चार ते सहा. म्हणजे शंभर तासांमागे शंभराच्या आसपास टेकऑफ आणि लँडिंग, अर्थात ते दोन वैमानिकांत वाटून. एटीआरला ऑटोथ्रॉटल (इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा) नाही आणि ते २५,००० फुटांच्या वर जात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांच्या वरून निघून जाण्याची सोय नसते, त्यांतून वाट काढावी लागते. पहिल्या दोन वर्षांत हात आणि डोकं यांना जे वळण लागतं, ते पुढे कुठल्याही विमानात उपयोगी पडतं.

५. १५०० तासांचं एवढं काय?

तो एटीपीएलचा, म्हणजे मोठ्या विमानाचा कॅप्टन होण्याच्या परवान्याचा उंबरठा आहे. किमान वय २१. एकूण तासांबरोबर रात्रीचे, इन्स्ट्रुमेंटचे आणि कमांडचे (विमानाचा प्रमुख म्हणून उडवलेले) तास यांच्याही वेगळ्या अटी आहेत. अनेकांचे १५०० होतात आणि रात्रीचे तास कमी पडतात. चार्टरवाल्यांना हे जास्त जाचतं, कारण छोट्या धावपट्ट्यांवरचं काम बहुतेक दिवसाच चालतं. लॉगबुकात या रकान्यांची बेरीज दर महिन्याला स्वतः करा.

सीपीएलवरही कमांड मिळू शकते, पण व्यावसायिक वाहतुकीत ५७०० किलोपर्यंतच्या विमानावर. किंग एअर बी२०० चं कमाल टेकऑफ वजन ५६७० किलो आहे, म्हणजे ते या मर्यादेच्या किंचित आत बसतं. चार्टरमध्ये 'लवकर कॅप्टन होशील' असं सांगतात त्यामागे हे गणित असतं. ते खोटं नाही. फक्त कंपनीची आणि विमा कंपनीची किमान तासांची अट याहून बरीच वर असते. ती किती, ते लेखी विचारा.

६. पगार कुठे जास्त?

सुरुवातीला चार्टरचा एकरकमी पगार कधी कधी जास्त दिसतो. प्रादेशिक कंपनीत ठरावीक तासांच्या हमीवर पगार असतो, ७० तासांसारखी हमी नेहमी दिसते, आणि त्यावरच्या तासांना वेगळा दर. चार्टरमध्ये ठोक पगार, बाहेरगावच्या मुक्कामाचा भत्ता आणि क्वचित तासाचा दर.

महिन्याच्या आकड्यापेक्षा चार गोष्टी विचारा. प्रशिक्षणाच्या काळात पगार किती? बऱ्याच ठिकाणी फक्त विद्यावेतन मिळतं आणि हा काळ सहा महिन्यांवर जाऊ शकतो. विमान जमिनीवर असताना पगार कापतात का? पगार दर महिन्याला कुठल्या तारखेला होतो? हे कंपनीला विचारू नका, तिथल्या फर्स्ट ऑफिसरला (सहवैमानिकाला) विचारा. आणि लॉस ऑफ लायसन्स विमा (वैद्यकीय कारणानं परवाना गेला तर पैसे देणारा) कंपनी काढते का? (त्याबद्दल प्रश्न १५.)

७. टाइप रेटिंग कुणाच्या पैशानं?

टाइप रेटिंग म्हणजे एका विशिष्ट प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता. तिच्या खर्चाचे दोन्हीकडे तीन प्रकार दिसतात. कंपनी खर्च करते आणि बाँड घेते. अर्धा खर्च तुमचा. किंवा सगळा तुमचा. ग्राउंड स्कूल, सिम्युलेटरची सत्रं, तपासणी, मग प्रत्यक्ष विमानावरचे टेकऑफ-लँडिंग असा क्रम. सगळं मिळून खर्च लाखांत, बहुतेक वेळा दोन आकडी लाखांत जातो.

नोकरीचं पत्र हातात नसताना स्वखर्चानं टाइप रेटिंग करू नका. विशेषतः चार्टरच्या जेटचं. एटीआरचं रेटिंग निदान तीन-चार कंपन्यांत चालतं. एखाद्या जुन्या बिझनेस जेटचं रेटिंग देशभरात मोजक्याच विमानांना लागू पडतं. ती विमानं विकली गेली की रेटिंग कागदावरच राहतं, शिवाय ते टिकवायला वेळोवेळी सिम करावं लागतं आणि त्या विमानाचं सिम बहुधा परदेशात असतं.

८. बाँड आणि नोटीस पिरियड एकच का?

दोन्ही वेगळे आहेत. बाँड हा तुमच्यातला आणि कंपनीतला करार: इतकी वर्षं राहीन, नाहीतर इतकी रक्कम भरीन. नोटीस पिरियडबद्दल डीजीसीएचा २०१७ चा नियम आहे: विमान कंपनीतल्या सहवैमानिकाला ६ महिने, कमांडरला १ वर्ष. कंपनीनं एनओसी दिली तर तो कमी होऊ शकतो. चार्टर कंपनीच्या करारात कुठली मुदत लिहिली आहे आणि ती कशाच्या आधारावर, हे सहीआधीच विचारून घ्या.

बाँड वाचताना रक्कम दरवर्षी कमी होते का ते बघा. तीन वर्षांच्या बाँडमध्ये अडीच वर्षं काढून बाहेर पडताना पूर्ण रक्कम भरावी लागणं अन्यायाचं आहे. रक्कम काळाप्रमाणे उतरत जाते असं कलम मागा. बाँड कधी सुरू होतो हेही बघा, रुजू झाल्यापासून की लाइन रिलीज (प्रशिक्षण संपून नियमित उड्डाणाची परवानगी) मिळाल्यापासून. दोहोंत वर्षाचा फरक पडू शकतो. आणि कंपनीनंच विमान विकलं किंवा ताफा बंद केला तर बाँड संपतो, असं एक वाक्य घालून घ्या. कोरे चेक कुणालाही देऊ नका. सुरक्षा म्हणून चेक मागितलेच, तर रक्कम आणि कारण लिहून द्या आणि पोच घ्या.

९. आमचं कर्ज घर तारण ठेवून काढलंय. हप्ता सुरू व्हायच्या आत काहीतरी नोकरी हवी. मिळेल ती धरू का?

मिळेल ती धरा, पण सही करताना दोन गोष्टी सोडू नका: बाँडची रक्कम आवाक्यातली असावी आणि तास लॉगबुकात ग्राह्य धरले जावेत (प्रश्न १३). कर्ज असलेल्या घराला रिकामं बसणं परवडत नाही हे खरं, पण तीस लाखांच्या बाँडवर वर्षाला दीडशे तास देणारी नोकरी पहिल्या कर्जाच्या डोक्यावर दुसरं कर्ज ठेवते. बँकेशी मात्र आधी बोला. हप्ता थकल्यावर गेलं तर मुदतवाढीचं बोलणं फार अवघड होतं. थकण्याआधी रुजू होण्याचं पत्र घेऊन गेलात तर शाखाधिकारी निदान ऐकून घेतो.

१०. सांगलीत किंवा साताऱ्यात राहून ही नोकरी करता येईल का?

पहिली काही वर्षं नाही. वैमानिकाचं घर म्हणजे बेस. स्टँडबाय असताना फोन आल्यापासून ठरलेल्या वेळात रिपोर्ट करावं लागतं. प्रादेशिक कंपन्यांचे बेस बंगळूर, हैदराबाद, दिल्ली, गोवा असे. चार्टरची बहुतांश विमानं मुंबई आणि दिल्लीत.

कोल्हापूर विमानतळ सांगलीपासून पन्नासेक किलोमीटर, म्हणून तिथून उडणाऱ्या कंपनीत लागलो तर घरून जाऊ, असं अनेकांना वाटतं. तिथे विमान येतं आणि जातं, पण तुमचं रोस्टर बेसवरून सुरू होतं. व्यवहार्य मार्ग असा: मिरजेहून बंगळूरला रात्रीच्या गाडीनं जाता येतं, त्यामुळे सांगलीकडच्या माणसाला बंगळूर बेस बरा पडतो; सातारकराला पुणे-मुंबई. साप्ताहिक विश्रांतीत घरी येणं शक्य आहे, मात्र रात्रभर प्रवास करून थेट ड्युटीवर जाणं नाही. विश्रांतीचा काळ विश्रांतीतच गेला पाहिजे, ही जबाबदारी नियमानं तुमचीही आहे.

११. रोजचा दिवस कसा असतो?

प्रादेशिक कंपनीत: रोस्टर आधी कळतं. डिस्पॅच फ्लाइट प्लॅन देतं, ग्राउंडचे लोक इंधन, सामान, लोड शीट बघतात. पहाटे चारला उठून दुपारी मोकळं, किंवा दुपारी सुरू करून रात्री उशिरा. कंटाळा येण्याइतकं एकसारखं काम, आणि नवख्याला तेच हवं असतं.

चार्टरमध्ये रात्री नऊला फोन येतो: सकाळी सातला नांदेड, तिथून दिल्ली, मुक्काम अनिश्चित. फ्लाइट प्लॅन भरणं, एडीसी (हवाई संरक्षण मंजुरी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) यांचे क्रमांक घेणं, परतीच्या ठिकाणी पार्किंग आहे का, इंधनाचा बाउझर (टँकर) त्या वेळी मिळेल का, धावपट्टी कधी बंद होते, हे सगळं छोट्या कंपनीत सहवैमानिकाच्या अंगावर पडतं. प्रवाशांच्या बॅगा तोलून वजन आणि समतोल काढणं, जेवणाचे डबे ठेवणं, उतरल्यावर केबिन आवरणं हेही. यातून विमान चालवण्याचा व्यवसाय आतून कळतो, आणि ज्याला तो आवडतो तो चार्टरमध्ये रमतो. 'मी वैमानिक, बॅग का उचलू' असं वाटणाऱ्यानं तिकडे जाऊ नये.

विश्रांतीचे नियमही वेगळे आहेत. नियमित कंपन्यांसाठी २०२५ मध्ये साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांची झाली. नॉन-शेड्यूल्डसाठी डीजीसीएचा वेगळा नियम आहे. तो मिळवून वाचा. खरी गडबड थांबण्याच्या वेळेत होते. साहेब 'दोन तासांत येतो' म्हणतात आणि सहा तासांनी येतात. तुम्ही विमानतळावर बसलेले असता आणि ड्युटीचं घड्याळ चालूच असतं. 'बसूनच तर होतात' हे उत्तर नाही. मधल्या वेळात नियमाप्रमाणे झोपायची सोय दिली तरच मुदत वाढते, तीही मर्यादेत.

१२. चार्टर धोकादायक असतं का?

विमान धोकादायक नसतं, घाई असते. ३० सप्टेंबर २००१ ला माधवराव शिंदे यांचं किंग एअर सी९० उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ खराब हवामानात कोसळलं. पाठीमागे मोठा माणूस, पुढे सभा, हवामान बिघडलेलं: हा प्रसंग प्रत्येक चार्टर वैमानिकावर येतो, आणि त्या वेळी 'नाही' म्हणता येणं हेच त्याचं मुख्य कौशल्य असतं.

मोठ्या विमानतळावर टॉवर, आयएलएस (कमी दिसत असताना उतरायला दिशा देणारी यंत्रणा), हवामान केंद्र असतं. छोट्या धावपट्टीवर यातलं काहीच नसू शकतं. धुकं किती आहे हे खाली उभा असलेला माणूस फोनवर सांगतो, आणि तो यजमानाचा माणूस असतो. अशा माहितीवर जाऊ नका. ठरलेल्या किमान उंचीला धावपट्टी दिसली नाही तर वळायचं, दुसऱ्या प्रयत्नात उंची आणखी खाली आणायची नाही. पर्यायी विमानतळ आणि तिथपर्यंतचं इंधन निघण्याआधीच ठरलेलं असावं.

धावपट्टीच्या लांबीचा हिशेबही इथे करू. धरा, कराडसारख्या छोट्या धावपट्टीवर उतरायला १३०० मीटर उपलब्ध आहेत. व्यावसायिक वाहतुकीत जेटला त्याच्या ६० टक्क्यांत, म्हणजे ७८० मीटरमध्ये थांबता आलं पाहिजे. टर्बोप्रॉपला ७० टक्क्यांत, म्हणजे ९१० मध्ये. धावपट्टी ओली असेल तर आणखी १५ टक्के राखीव, म्हणजे जेटला ६८० मीटरच्या आतच. बहुतेक मध्यम जेट या गणितात बसत नाहीत. 'मागच्या वेळी उतरलं होतं' हा पुरावा नाही. तेव्हा वजन किती होतं, वारा कुठला होता, धावपट्टी कोरडी होती का, हे कुणाला ठाऊक नसतं. रात्रीचे दिवे नसलेल्या ठिकाणी सूर्यास्ताची वेळ उलटी मोजा: शेवटचं निघणं किती वाजता, ते सकाळीच यजमानाच्या माणसाला लेखी कळवा. संध्याकाळी वाद घालण्यापेक्षा हे सोपं जातं.

मुलाखतीत विचारा: 'गेल्या वर्षभरात कॅप्टननं उड्डाण नाकारल्याचा प्रसंग आला का, आणि पुढे काय झालं?' जी कंपनी हे शांतपणे सांगते तिथे जा. 'आमच्याकडे असं कधी होत नाही' हे उत्तर मिळालं तर नोकरी कितीही चांगली दिसो, सोडा.

१३. किंग एअरवर सहवैमानिक म्हणून केलेले तास एटीपीएलला धरतात का?

फसवा प्रश्न आहे. किंग एअर सी९० आणि बी२०० यांना एकाच वैमानिकाची मान्यता आहे. अशा विमानात उजव्या आसनावर नुसतं बसण्याचे तास मोजले जात नाहीत. त्या उड्डाणाला दोन वैमानिक बंधनकारक असतील, म्हणजे नियमानं किंवा डीजीसीएनं मान्य केलेल्या ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये तसं लिहिलं असेल, तरच दावा टिकतो. मॅन्युअलचं ते पान बघा आणि शंका असेल तर रुजू होण्याआधी डीजीसीएकडून लेखी उत्तर घ्या. दोन वर्षांनी एटीपीएलचा अर्ज भरताना कळलं तर हातात काही राहत नाही. विमान मोकळं परत नेण्याच्या फेऱ्या एकट्यानं केल्या जात असतील तर त्या तुमच्या लॉगबुकात येता कामा नयेत.

सेसना कॅराव्हॅनचं वेगळं. ते टर्बाइन आहे पण एकाच इंजिनाचं. ते तास एकूण बेरजेत येतात, मल्टी-इंजिनमध्ये नाही. नंतर एटीआरला अर्ज करताना जाहिरातीतला 'मल्टी-इंजिन' हा शब्द नीट वाचा.

१४. आधी चार्टर, मग एअरलाइन असं जमतं का? आणि उलट?

दोन्ही होतं, पण सारखं सोपं नाही. एटीआरवर हजार-दीड हजार तास, नियमित सिम तपासण्या आणि ठरीव कार्यपद्धतीची सवय घेऊन चार्टरमध्ये गेलेल्याला मान मिळतो. एअरबसकडे जातानाही ते तास कामाला येतात, मात्र टाइप रेटिंग नव्यानं आणि ज्येष्ठता शून्यापासून. चार्टरमधून पाच वर्षांनी एअरलाइनकडे वळणाऱ्याचे दोनदा पाय अडतात: तास कमी आणि सवयी स्वतःच्या. सिममध्ये कॉलआउट चुकतात, चेकलिस्ट मनातून म्हटली जाते. तयारी म्हणून निदान दोन-तीन सत्रं एअरलाइन पद्धतीनं, दुसऱ्या वैमानिकासोबत करा.

म्हणून आमचा कल स्पष्ट आहे: २०० तासांच्या मुलानं दोन्ही पत्रं हातात असतील तर प्रादेशिक कंपनी घ्यावी. चार्टर ही १५०० तासांनंतरची फार चांगली नोकरी आहे. अपवाद एकच: दोन वैमानिकांची कार्यपद्धती काटेकोर पाळणारी, स्वतःचा प्रशिक्षक असलेली आणि तीन-चार विमानं फिरती ठेवणारी चार्टर कंपनी. तसं पत्र असेल तर ते एखाद्या डळमळीत प्रादेशिक कंपनीपेक्षा सरस.

१५. मेडिकल अनफिट झालो तर?

तात्पुरतं अनफिट होणं दुर्मीळ नाही: रक्तदाब, साखर, पाठीचं दुखणं, अपघातातलं हाड. मोठ्या कंपनीत काही काळ जमिनीवरचं काम किंवा आजारी रजा मिळू शकते. दोन-तीन विमानांच्या चार्टर कंपनीत तुमच्या जागी दुसरा आणावाच लागतो, पगार थांबतो. कंपनी लॉस ऑफ लायसन्स विमा देत नसेल तर स्वतः काढा, आणि त्यात तात्पुरत्या अनफिटचे हप्ते येतात की फक्त कायमच्या अपात्रतेची रक्कम, ते बघा. कर्जाला जामीन राहिलेल्या वडिलांसाठी हा खर्च टाळू नये.

१६. कफ सिरप घेतलं आणि ब्रेथलायझरमध्ये आलं, असं होतं का?

होतं. मद्यार्क असलेलं औषध, माउथवॉश, टूथ जेल यांना डीजीसीएनं २०२३ पासून स्पष्ट मनाई केली आहे. पहिल्यांदा पॉझिटिव्ह आलं तर ३ महिने परवाना निलंबित. आदल्या दिवशीच्या लग्नाचा प्रश्न असेल तर उड्डाणाआधी १२ तास मद्य वर्ज्य आहे, आणि १२ तास उलटूनही यंत्रात शून्यच यायला हवं. चार्टरला हे लागू नाही, हा समज चुकीचा आहे. तिथे फोन कधीही येतो, म्हणून उलट जास्त जपावं लागतं.

१७. उडान योजनेचा मार्ग बंद पडला तर नोकरी जाते का?

मार्गाबरोबर नोकरी जात नाही, कंपनी कमकुवत असेल तर जाते. उडान या केंद्राच्या प्रादेशिक हवाई जोडणी योजनेतल्या मार्गाला साधारण तीन वर्षं अनुदान मिळतं. ते संपल्यावर प्रवासी पुरेसे नसतील तर कंपनी विमान दुसरीकडे वळवते. ट्रूजेटसारखी कंपनी पूर्ण थांबलेलीही आपण पाहिली. कंपनीची किती विमानं प्रत्यक्ष उडत आहेत, किती सुट्या भागांअभावी उभी आहेत, भाडेपट्ट्याच्या थकबाकीच्या बातम्या आहेत का, हे आधी बघा. अलायन्स एअर सरकारी मालकीची आहे म्हणून कायम नोकरी मिळेल असं धरू नका. तिथे भरती ठरावीक मुदतीच्या करारावर होते.

१८. मराठी माध्यमातून शिकलोय. इंग्रजी कुठे जास्त आड येतं?

रेडिओवर दोन्हीकडे सारखंच. पातळी ४ ची मुदत ३ वर्षं, पातळी ६ ला पुन्हा परीक्षा नाही. म्हणून ५-६ साठी तयारी करा. एअरलाइनच्या मुलाखतीत अस्खलितपणापेक्षा तांत्रिक उत्तर नेमकं आहे का हे पाहतात. चार्टरमध्ये प्रवाशांशी थेट बोलावं लागतं, आणि महाराष्ट्रातल्या प्रवाशांशी चांगलं मराठी ही तिथे जमेची बाजू ठरते. 'साहेब, आता निघालो नाही तर अंधारात अडकू' हे आदबीनं पण ठामपणे सांगता येणं फार मोलाचं.

१९. मुलीसाठी कुठली नोकरी बरी?

उडण्यात फरक नाही, सोयींत आहे. प्रादेशिक कंपनीत मुक्कामाचं हॉटेल, वाहन, तक्रार समिती ठरलेली असते. चार्टरमध्ये आयत्या वेळी छोट्या गावात मुक्काम पडतो. राहण्याची आणि ये-जा करण्याची सोय कंपनी कशी करते ते लेखी घ्या. कायद्यानं २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू आहे. फार छोटी चार्टर कंपनी या आकड्याखाली असू शकते. गरोदरपणात उड्डाण थांबल्यावर पगाराचं काय, हेही आधीच विचारा. विचारल्यामुळे नोकरी गेली तर ती जाऊ देण्यासारखीच होती.

२०. दोन्हीकडे काहीच मिळत नाहीये. मधल्या काळात काय करावं?

इन्स्ट्रक्टर रेटिंग. असिस्टंट इन्स्ट्रक्टर होऊन बारामती, कराड अशा जवळच्या ठिकाणी प्रशिक्षण चालू असेल तिथे विचारा. हे तास कमांडचे असतात, आणि एटीपीएलला नेमके तेच कमी पडतात. पगार थोडा, उन्हातलं काम, पण घर जवळ. फक्त मल्टी-इंजिनचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग या काळात संपू देऊ नका (प्रश्न ३).

२१. हेलिकॉप्टरवर लगेच काम मिळतं म्हणतात. वळू का?

त्याचा परवाना पूर्ण वेगळा आहे. विमानाचं सीपीएल तिथे चालत नाही. नव्यानं तेवढाच मोठा खर्च येतो.

२२. एक एजंट चार्टर कंपनीत जागा देतो म्हणून आठ लाख मागतोय. द्यावेत का?

नाही. खरी कंपनी टाइप रेटिंगचे पैसे मागेल, पण ते प्रशिक्षण संस्थेच्या किंवा कंपनीच्या खात्यात, कराराच्या आणि पावतीच्या बदल्यात. एजंटनं दिलेलं पत्र घेऊन कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्वतः जा. चीफ पायलट किंवा डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्सला भेटा आणि विचारा: माझी निवड कोणी केली, सिम चेक कधी झाला? सिम चेकशिवाय आणि तांत्रिक मुलाखतीशिवाय कुठलीही नीट चालणारी कंपनी २०० तासांच्या वैमानिकाला घेत नाही. पैसे आधीच दिले असतील तर व्हॉट्सअॅपवरचे संदेश आणि बँकेचे तपशील जपून ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. तक्रारीची पोच न घेता परत येऊ नका.